विद्यापीठातील सामायिक डीएनए अनुक्रमण यंत्र : खरेदीआधीचा विचार

डीएनएच्या रेणूत ए, टी, जी आणि सी या चार बेसची जी मांडणी असते, ती ओळीने वाचण्याच्या क्रियेला अनुक्रमण म्हणतात. फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने 1977 साली फाय-एक्स 174 या जिवाणुभक्षी विषाणूची सुमारे 5,400 अक्षरे वाचली, त्या वेळी हे काम मोजक्या प्रयोगशाळांपुरते मर्यादित होते. आज मात्र वनस्पतिशास्त्रापासून न्यायसहायक विज्ञानापर्यंत बहुतेक विभागांना त्याची गरज भासते आणि म्हणूनच विद्यापीठे विभागवार यंत्रे न घेता एकच सामायिक यंत्र घेण्याचा विचार करू लागली आहेत. हा विचार योग्य आहे. परंतु खरेदीचे प्रस्ताव यंत्राच्या नावाने सुरू होतात आणि यंत्राच्या किमतीपाशी संपतात, ही उणीव या परिषदेने गांभीर्याने लक्षात घेतली पाहिजे.

यंत्र सामायिक का असावे, याचे उत्तर त्याच्या रचनेतच आहे. नमुन्यातील डीएनएचे लहान तुकडे करून किंवा त्यातील एखाद्या जनुकाच्या प्रती काढून त्यांच्या टोकांना ठरावीक जोडतुकडे लावले की जो संच तयार होतो त्याला लायब्ररी म्हणतात. ती फ्लो सेल नावाच्या काचेच्या पट्टीवर सोडली जाते आणि तेथे प्रत्येक तुकडा वाचला जातो. अशा एका तुकड्याच्या वाचनास रीड म्हणतात. मायसीकसारख्या मध्यम क्षमतेच्या यंत्रावर एका फेरीत सुमारे 2.5 कोटी तुकडे वाचले जातात. उदाहरणार्थ, जून 2020 मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्यामागे लवणप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. अशा पाण्यातील सूक्ष्मजीव 16 एस या ओळखदर्शक जनुकावरून ओळखायचे, तर नमुन्यामागे 50,000 रीड सहसा पुरतात. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याकडे असे 12 नमुने असले, तर त्याची गरज 6 लाख रीडची, म्हणजे फेरीच्या अडीच टक्क्यांहूनही कमी असते. फेरीचा खर्च मात्र पूर्णच येतो.

येथे बारकोड उपयोगी पडतो. प्रत्येक नमुन्याच्या तुकड्यांना आधीच ठाऊक असलेली छोटी अक्षरमाला जोडली की अनेक विभागांचे नमुने एकाच पट्टीवर एकत्र वाचता येतात आणि वाचन झाल्यावर संगणक ते वेगळे करतो. वडापची जीप भरल्याशिवाय निघत नाही, तशी ही फेरीही भरल्याशिवाय लावू नये. पण जीपचा प्रवासी थांबू शकतो, तर उणे 20 अंशांवर गोठवलेले रीएजंटचे, म्हणजे अभिक्रियेच्या रसायनांचे कार्ट्रिज एकदा पाण्यात ठेवून वितळवले की त्यानंतर माघार घेता येत नाही. लांब रीडच्या संचाची फेरी सुमारे 56 तास चालते, आणि तेवढ्या काळात वीज गेली व यूपीएसने साथ सोडली, तर एका विभागाचे नव्हे, सर्वांचेच नमुने वाया जातात. 16 एससारख्या नमुन्यांत सुरुवातीची अक्षरे जवळजवळ सारखीच असल्याने यंत्राच्या कॅमेऱ्याला शेजारशेजारच्या तुकड्यांचे ठिपके वेगळे ओळखणे अवघड जाते. म्हणून त्यांत मुद्दाम वेगळ्या घडणीचा डीएनए मिसळतात, आणि तो सँगर यांनी वाचलेल्या त्याच फाय-एक्स विषाणूचा असतो. किती मिसळावा, हे अनुभवी हातालाच कळते. सामायिक सुविधेची खरी किंमत त्या हातात आहे, असे या अध्यक्षपदावरून आग्रहाने मांडावेसे वाटते.

प्रत्यक्षात मात्र तो हात बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरता नेमलेला असतो. अनुदान 31 मार्चपूर्वी खर्ची टाकण्याच्या घाईत यंत्र येते, वॉरंटीचा काळ जागा आणि वातानुकूलन सिद्ध करण्यात जातो, वार्षिक देखभाल कराराची तरतूद अंदाजपत्रकात सापडत नाही आणि शिकवून तयार केलेली तंत्रज्ञ मुलगी दुसरीकडे कायम नोकरी मिळाल्यावर निघून जाते. तिला दोष देता येणार नाही. केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणारी सामायिक उपकरण केंद्रे देशात अनेक दशकांपासून आहेत, मुंबईच्या आयआयटीत आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही ती आहेत, आणि उपकरणांचा शोध व आरक्षण यांसाठी 2020 पासून आय-स्टेम हे संकेतस्थळही उपलब्ध आहे. म्हणजे वाटून वापरण्याची रीत आपल्याकडे नवी नाही.

म्हणून या परिषदेपुढे असा प्रस्ताव आहे की, निविदा काढण्यापूर्वी प्रत्येक सहभागी विभागाने पहिल्या वर्षात किती नमुने देणार हे लेखी कळवावे आणि यंत्राची क्षमता त्या बेरजेवरून ठरवावी, माहितीपत्रकावरून नव्हे. बेरीज लहान आली तर तळहातावर मावणाऱ्या नॅनोपोअर यंत्रापासून सुरुवात करण्यात कोणताही कमीपणा मानू नये. पाच वर्षांचे देखभाल शुल्क मूळ प्रस्तावातच धरावे, नमुन्यामागील दर विद्यार्थ्यांना आधीच कळवावा, आणि तंत्रज्ञाचे कायम पद मंजूर झाल्याचे पत्र खरेदी समितीच्या पहिल्या बैठकीच्या कागदपत्रांत जोडलेले असावे.