भाऊजींनी विचारलेले प्रश्न
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘ज्यांच्याकडून शिकले’ असा विषय दिला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून एखाद्या शास्त्रज्ञाचं किंवा उद्योगपतीचं नाव घेईन असं तुम्हाला वाटलं असेल. मी नाव घेणार आहे आदेश बांदेकरांचं. हसा खुशाल! मागच्या रांगेतल्या सगळ्यांनी ‘होम मिनिस्टर’ बघितलंय, हे मला माहीत आहे.

टीव्हीवरच्या गप्पा मुंबईला नव्या नव्हत्या. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं आणि त्याच वर्षी तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ आला. तो 1993 पर्यंत चालला. त्यात सिनेमातली मोठी माणसं यायची, तबस्सुम त्यांना हसत हसत बोलतं करायच्या आणि आपण लांबून बघायचो. 2004 मध्ये ‘होम मिनिस्टर’ने हे उलटं केलं. पाहुणा झाला निवेदक, आणि मुलाखत द्यायची ती घरातल्या बाईने, तिच्याच घरात.

बांदेकर तोवर ‘ताक धिना धिन’मुळे ओळखीचे होते. पुढे 2009 मध्ये त्यांनी शिवसेनेतर्फे माहीममधून विधानसभेची निवडणूक लढवली, हरले. 2017 मध्ये सिद्धिविनायक मंदिर न्यासाचे अध्यक्ष झाले. पत्नी सुचित्रा स्वतः अभिनेत्री. पण महाराष्ट्राने त्यांना एकच पद कायमचं दिलं, भाऊजी. 2024 मध्ये कार्यक्रमाने निरोप घेतला, तोपर्यंत वीस वर्षं.

या ‘भाऊजी’ शब्दातच सगळी युक्ती आहे. परका पुरुष, सोबत कॅमेरा, दिवेलागणीची वेळ आणि दहा बाय बाराची खोली. कोण आत घेईल? पण समोरची एकदा ‘वहिनी’ झाली की सासूबाईसुद्धा सरकून बसायला जागा देतात. मग प्रश्न सुरू. माहेर कुठलं? शिक्षण किती? लग्न कसं ठरलं? नवऱ्याची कुठली सवय आवडत नाही? प्रश्न साधेच, पण उत्तर द्यायला तिला वेळ मिळायचा आणि तेवढा वेळ नवरा, सासू, दीर यांना गप्प बसून ऐकावं लागायचं. तीन पिढ्या एका खोलीत राहणाऱ्या आपल्याकडच्या घरांत ही लहान गोष्ट नव्हती.

त्या वर्षी मी सीप्झमध्ये नोकरीला होते. लवकर सुटले की सहाच्या ठोक्याला चाळीत पोचायचे. टीव्ही आमच्याकडे मोठा, म्हणून शेजारच्या चार-पाच जणी आमच्याच घरात. खैरानी रोडच्या गाळ्यातून आणलेल्या पेनांत रिफिली भरता भरता कार्यक्रम बघणं चालायचं. जाहिरात लागली की त्या एकमेकींना भाऊजींचेच प्रश्न विचारायच्या. एकदा कुणीतरी माझ्या आईला विचारलं, “वहिनी, लग्नाआधी काय करत होतात?” आई रिफिली भरतच म्हणाली, “बालवाडी चालवत होते. दोन वर्षं. बावीस मुलं होती.”

मी तेवीस वर्षांची होते आणि हे पहिल्यांदा ऐकत होते. बाबांना माहीत होतं, पण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. मला अक्षरं लावायला कुणी शिकवलं, पाढे गाण्यासारखे म्हणायला कुणी लावले, याचा उलगडा त्या जाहिरातीत झाला. पुढच्या आठवड्यात एका शेजारणीने आपला धाकटा मुलगा दुपारी आईकडे पाठवला. मग दुसरा आला. वर्षभरात नऊ मुलं झाली. रिफिलींचं काम सुटलं आणि चाळ तिला ‘बाई’ म्हणायला लागली. आमच्या दारात कॅमेरा कधीच आला नाही, प्रश्न मात्र आला.

या कार्यक्रमाबद्दल तक्रारीही आहेत आणि त्या मला पटतात. दोन बायकांना स्पर्धेला लावायचं आणि जिंकणारीला पैठणी. 2022 मध्ये तर पैठणी अकरा लाखांची झाली. ‘मिनिस्टर’ म्हणायचं आणि खातं स्वयंपाकघराचंच द्यायचं. उखाण्यात नाव घ्यायचं ते नवऱ्याचंच. हे सगळं खरं. तरी त्याआधी तिला तिचं स्वतःचं नाव विचारलं जायचं, हेही खरं.

माझ्या धंद्यात मला याचाच उपयोग झाला. सॉफ्टवेअर बनवायच्या आधी ते वापरणाऱ्याला भेटून त्याची गरज समजून घ्यावी लागते. साहेब सांगतात ते एक असतं आणि काउंटरवर बसणारी बाई दिवसभर करते ते वेगळंच. मी तिच्या शेजारी जाऊन बसते, “काम कसं करता ते दाखवा” म्हणते आणि गप्प राहते. पहिलं उत्तर बहुतेक वेळा “ठीक आहे” असंच येतं. खरं ते थोड्या वेळाने येतं. तेवढं थांबायचं.

आज इथे आपले सर आणि बाई बसलेत. साकीनाक्याला मेट्रो यायच्या कितीतरी आधी, अंधेरी-कुर्ला रोडच्या धुरातून बसला लटकत हे लोक शाळेत वेळेवर यायचे. आपल्याला त्यांचे विषय माहीत आहेत, छडी माहीत आहे, ठेवलेली टोपणनावं तर पाठच आहेत. पण बाई, तुमचं माहेर कुठलं? सर, तुम्हाला शिक्षकच व्हायचं होतं का?

म्हणून एक सुचवते. आपल्या बॅचमधल्या प्रत्येकाने एका शिक्षकाच्या घरी जावं, तासभर बसावं आणि मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करावं. उतरवून घ्यायचं काम मी करीन. पुढची स्मरणिका त्याचीच काढू. आणि घरी आई असेल, तर सुरुवात तिच्यापासून करा. पैठणी नेली नाही तरी चालेल, वेळ मात्र घेऊन जा.