दवाखान्याचं अंतर

व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर विषय छापला होता 'शासनाचे आरोग्यधोरण आणि सामान्य माणूस'. वक्ते उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात त्यांनी पत्रिका बाजूला ठेवली. "धोरण किती कोटींचं ते विचारू नका, किती किलोमीटरवर संपतं ते विचारा." तीस वर्षांहून अधिक काळ ग्रामीण आरोग्यसेवेत काढून हे डॉक्टर निवृत्त झालेले. पुढच्या दोन रांगा हसल्या. डॉक्टरांची गाडी फिरून फिरून याच फाट्यावर येणार, हे त्यांना ठाऊक होतं.

इतिहास त्यांनी पाच मिनिटांत उरकला. भोर समितीचा 1946 चा अहवाल, 1978 ची अल्मा-आटाची परिषद, 1983, 2002 आणि 2017 ची राष्ट्रीय धोरणं. "हे तुम्हाला माहीतच आहे," असं ते म्हणाले, आणि सभागृहानं माहीत असल्यासारख्या माना डोलावल्या. 2017 च्या धोरणात 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता. यावर एवढंच बोलून ते पुढे गेले.

थांबले ते निकषांपाशी. सपाट भागात 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात 3,000 मागे. प्राथमिक आरोग्य केंद्र 30,000 मागे, डोंगरात 20,000 मागे. "यात डोकी मोजलीत, वाट मोजलेली नाही," डॉक्टर म्हणाले. सातपुड्यात तीन हजार माणसं म्हणजे एक गाव नसतं. ते डोंगरभर विखुरलेले पाडे असतात आणि मधे पावसाळ्यात न उतरता येणारे नाले. सरदार सरोवराचं पाणी चढल्यावर नंदुरबार जिल्ह्यातल्या नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना सोडावा लागला, तो यामुळेच.

मग त्यांनी एक कोडं घातलं. अलीकडे राज्य सरकारनं घेतलेला आरोग्याचा सर्वांत मोठा निर्णय कोणता? कुणी म्हणालं 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी दवाखान्यात केसपेपरसकट उपचार मोफत झाले, तो. डॉक्टरांनी मान हलवली. "त्याच वर्षी मार्चमध्ये बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, तो!" टाळ्या महिलांच्या बाजूनं जास्त आल्या. केसपेपरची चिल्लर वाचली हे चांगलंच, पण बाळाला घेऊन तालुक्याला जाऊन येण्याचं भाडं त्याच्या कितीतरी पट, हा हिशेब त्यांनी बोटांवर करून दाखवला.

इथवर सगळं वेळेत चाललं होतं. घोटाळा केला 'मुख्यालया'नं.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातलं एक उपकेंद्र. गावठाणात जागा नव्हती म्हणून कुणीतरी दान दिलेल्या, ओढ्यापलीकडच्या माळावर ते बांधलं गेलं, गावापासून दोन किलोमीटरवर. शेजारी नर्सबाईंसाठी क्वार्टर. बोअरला पाणी लागलं नाही. बाईंचं मूल तान्हं. त्या तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहिल्या. पहिल्या गाडीनं यायच्या, साडेचारच्या गाडीनं परत. नियम असा की कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहायचं, आणि राहत असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला जोडायचा. दाखला दर वेळी जोडलेला असे. तो लिहायचे ग्रामसेवक. ते स्वतः तालुक्याला राहायचे. गुरुजीही तिथलेच, तलाठीही. "कागदावर चौघांचा मुक्काम गावात, आणि साडेचारच्या गाडीत चौघं शेजारी शेजारी!" निवृत्त शिक्षकांच्या रांगेत हशा सर्वांत मोठा झाला. एक गुरुजी तर डोळे पुसत होते. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. डॉक्टरांनी पाहिलं नाही.

एका रात्री गावात बाई अडली. उपकेंद्राला कुलूप. तिला जीपमधून तालुक्याला न्यावं लागलं. बाई वाचली, बाळ गेलं. डॉक्टरांनी नर्सबाईंना कारणे दाखवा नोटीस काढली. एका ओळीचा खुलासा आला : क्वार्टरच्या संडासाला दार नाही. हा शेरा बांधकामाकडे गेला, तिथून परत आला, पुन्हा गेला. सात महिन्यांनी दार बसलं. "तेवढे महिने धोरण त्या दारापाशी अडलं होतं," ते म्हणाले, "आणि नोटिशीवर सही माझी होती." हशा केव्हाच थांबला होता.

या गोष्टीनं वीस मिनिटं खाल्ली. पहिली चिठ्ठी व्यासपीठावर आली. ती त्यांनी खिशात घातली आणि गडचिरोलीला पोचले. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं अंतर उलट्या बाजूनं कापलं. बाळ दवाखान्यात येत नाही, तर दवाखाना बाळाच्या घरी न्यायचा. गावातल्याच बाईला आरोग्यदूत करून वजन घेणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं शिकवलं. 39 गावांत हा प्रयोग झाला. तुलनेसाठी ठेवलेल्या गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी निघाले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'नं तो निबंध छापला. 2011 मध्ये केंद्र सरकारनं घरोघरच्या नवजात बाळाच्या काळजीचं काम देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे सोपवलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे सहा भेटी, मोबदला अडीचशे रुपये. "एका भेटीला बेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत," असं म्हणून त्यांनी दुसरी चिठ्ठीही खिशात घातली.

विम्याच्या योजनांकडे वळले तेव्हा सूर जरा चढला. राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर गेली. दीड लाखाचं कवच, 972 उपचार. पुढं तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. 2018 मध्ये आयुष्मान भारत आली, पाच लाखांची. डॉक्टरांचा आक्षेप असा की या योजना माणूस ॲडमिट झाल्यावर जाग्या होतात, आणि अंगीकृत रुग्णालयं बहुतेक शहरात.

मागच्या बाकावरून एक शेतकरी उठले. "माझ्या भावाची बायपास योजनेतून झाली. एक पैसा लागला नाही. ते खोटं का?"

"खोटं कोण म्हणतंय?" डॉक्टरांचा आवाज नको तेवढा चढला. ते पाणी प्यायले. योजना हवीच, हे त्यांनी मान्य केलं. मग हळू आवाजात विचारलं, "भावाचं बीपी आणि साखर त्याआधी कुणी तपासली होती?" "कुणीच नाही." "मग माझं भांडण तेवढंच आहे."

पुढच्या रांगेतल्या एका खासगी डॉक्टरांनी पॅकेजचे दर परवडत नाहीत, बिलं अडकतात, अशी तक्रार मांडली. "पुढच्या वर्षी व्याख्यान तुमचं," या उत्तरानं वातावरण निवळलं. कुणीतरी राष्ट्रीय आरोग्य लेख्यांचा दाखला दिला : एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 वर आला. डॉक्टरांनी आकडा नाकारला नाही. "पण जो दवाखान्यात पोचलाच नाही, त्याचा खर्च शून्य धरला जातो," एवढंच म्हणाले.

तिसरी चिठ्ठी. आता पाच मिनिटं. थायलंडचं अख्खं प्रकरण चार वाक्यांत गेलं : नव्या डॉक्टरांना आधी खेड्यात पाठवलं, तालुक्याची रुग्णालयं उभी केली, आणि तीस बाथमध्ये उपचाराची योजना त्यानंतर, 2001 मध्ये आणली. "आधी दवाखाना, मग कार्ड." डॉक्टरांची रिक्त पदं, औषधखरेदी आणि मानसिक आरोग्य हे टिपणातले तीन मुद्दे त्यांनी नुसते वाचून दाखवले.

शेवटी त्यांनी हात वर करायला सांगितले : घराजवळचा सरकारी दवाखाना किती वाजता उघडतो, हे कुणाला माहीत आहे? भरलेल्या सभागृहात अकरा हात वर झाले. त्यातले तीन निवृत्त आरोग्यसेविकांचे.

"1 मे ला ग्रामसभा आहे," आभारासाठी उठलेल्या कार्यवाहांना हातानं थांबवत ते म्हणाले. "उपकेंद्राच्या क्वार्टरला पाणी आहे का आणि संडासाला दार आहे का, हे दोनच प्रश्न विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या."