तीन कॉर्ड आणि खरं बोलण्याचं धाडस



कॉलेजच्या या स्नेहसंमेलनात बक्षिसं मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांचं अभिनंदन, आणि पडद्यामागे रात्री जागवणाऱ्यांचं त्याहून थोडं जास्त. आज मी माझ्या एका जुन्या प्रेमाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव पॉप-पंक, म्हणजे पंक रॉकचा जोश आणि ओठांवर बसणारी चाल. कॉलेजात असताना हे संगीत कानावर पडलं आणि आज पन्नाशीतही ते सुटलेलं नाही. ‘वय झालं की सुटेल’ असं मला पुष्कळांनी सांगितलं होतं. ते का सुटलं नाही, यात तुमच्या कामाचं काहीतरी आहे.

या संगीताची मुळं शोधायची तर मागे जावं लागेल. 1976 साली न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडचा पहिला अल्बम आला. गाणी 14, आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपणारी. रॉकमध्ये तेव्हा लांबलचक गिटारवादनाचा बोलबाला होता. या पोरांनी मोजके कॉर्ड, धावता ताल आणि सहज गुणगुणता येईल अशी चाल, एवढ्यावर गाणं उभं केलं. जानेवारी 1977 मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनं मित्रांकडून आणि घरच्यांकडून सुमारे 500 पौंड उसने घेऊन स्वतःची रेकॉर्ड स्वतःच काढली. ‘आधी पारंगत होऊ, मग लोकांसमोर जाऊ’ असं म्हणत ते बसले नाहीत. तुमच्यापैकी ज्यांनी नाशिक ढोल वाजवला आहे त्यांना हे संगीत समजावून सांगायला नको. ठेका साधा, पण सगळ्यांनी मिळून, छातीत घुमेल इतक्या जोरात वाजवायचा.

पण नुसत्या जोशावर प्रेम आयुष्यभर टिकत नाही. 1994 साली ग्रीन डे या बँडचा ‘डूकी’ हा अल्बम आला. त्यातलं ‘बास्केट केस’ हे गाणं बँडचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग यानं स्वतःच्या अस्वस्थतेवर लिहिलं. अल्बम आला तेव्हा तो 21 वर्षांचा होता, म्हणजे जवळपास तुमच्याच वयाचा. आपल्याला नेमकं काय होतंय हे त्याला कळत नव्हतं. पॅनिक डिसऑर्डरचं निदान पुढे झालं. तरीही त्यानं ती भीती लपवली नाही, उलट हजारोंनी उड्या मारत म्हणावी अशा चालीत बसवली. माझ्या विशीत आमच्या कट्ट्यावर ‘मला भीती वाटते’ हे कुणी तोंडातून काढत नसे. परीक्षेची, नोकरीची, एकटं पडण्याची भीती मात्र प्रत्येकाच्या पोटात होती. ‘डूकी’च्या कॅसेटमधून मला पहिल्यांदा कळलं की हे माझ्या एकट्याचं दुखणं नाही. हा दिलासा ज्या गाण्यानं दिला, ते गाणं माणूस कसं विसरेल?

ग्रीन डे घडलं ते कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, 924 गिलमन स्ट्रीट या गाण्याबजावण्याच्या जागी. 1986 च्या शेवटच्या रात्री सुरू झालेली ही जागा स्वयंसेवकांनी चालवली. दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, मारामारी नाही, वर्णद्वेष नाही, स्त्रियांचा अपमान नाही, हे तिथले नियम. पालकांना मी आवर्जून सांगेन, आवाज मोठा म्हणजे वळण वाईट, असं नसतं.

आपल्याकडेही मुंबईत धोबी तलावाजवळ रंगभवन होतं. ऐंशीच्या दशकापासून तिथे इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरायचा आणि तरुण बँड मोकळ्या आकाशाखाली वाजवायचे. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि ते व्यासपीठ हातातून निसटलं. नव्या मुलांना उभं राहायला जागा लागते. म्हणून तुमचं हे स्नेहसंमेलन मला फार मोलाचं वाटतं.

आता अभ्यासाचं. डिसेंडंट्स या बँडचा गायक मायलो ऑकरमन शिकायला गेला, म्हणून त्यांच्या 1982 च्या अल्बमचं नावच ‘मायलो गोज टू कॉलेज’ असं ठेवलं गेलं. त्यानं जीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, वर्षानुवर्षं संशोधन केलं, आणि गाणंही सोडलं नाही. ऑफस्प्रिंग या बँडचा गायक डेक्स्टर हॉलंड बँड नावारूपाला आल्यावर संशोधन अर्धवट टाकून निघाला होता. पण तो परत गेला आणि 2017 मध्ये त्यानं रेण्वीय जीवशास्त्रात पीएच.डी. पूर्ण केली. तेव्हा पालकहो, ‘गिटार की पुस्तक?’ असा प्रश्न मुलांपुढे टाकू नका. दोन्ही हातांना काम असू द्या.

मार्च 2025 मध्ये ग्रीन डे पहिल्यांदा भारतात आलं, लोलापालूझा या संगीत महोत्सवासाठी, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर. मी लेकीला घेऊन नाशिकहून गेलो. डोक्यावर पांढरे केस असलेले आणि अजून मिसरूड न फुटलेले, सगळे एकाच आवाजात गात होते. लेकीला ती गाणी माझ्याइतकीच पाठ होती. तीस वर्षांपूर्वीचं गाणं आजच्या मुलीला आपलं वाटतं, कारण त्यातलं म्हणणं खरं आहे.

मित्रांनो, तुमच्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ आहे. लासलगावच्या लिलावात कांद्याचा भाव कोसळला की घरात कुणी कुणाशी बोलत नाही, त्यावर लिहा. पहाटे पंचवटी एक्स्प्रेस गाठणाऱ्या आईवर, सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बाबांवर, निकालाच्या आदल्या रात्रीवर लिहा. मराठीत लिहा. कुसुमाग्रजांच्या नाशकात शब्दांची वानवा कशी असेल? तीन कॉर्ड शिका, तीन मित्र जमवा आणि सुरुवात करा. सफाई वाजवता वाजवता येते.

प्राचार्यांना माझी एक विनंती आहे. या मुलांना सरावासाठी एक खोली द्या आणि पुढच्या स्नेहसंमेलनात त्यांच्या स्वतःच्या गाण्यांसाठी अर्धा तास राखून ठेवा. आणि मुलांनो, जे मनापासून आवडतं ते ‘आता मोठे झालो’ म्हणून टाकून देऊ नका. भीती वाटली तर बोला, आनंद झाला तर गा, आणि दोन्ही वेळी आवाज खणखणीत ठेवा.