अडलेल्या यंत्राची साक्ष

एकदा लिहिलेला संगणकीय कार्यक्रम सर्व यंत्रांवर सारखाच चालतो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः प्रोसेसरच्या घडणी निरनिराळ्या असतात. ‘डेबियन’ या मुक्त प्रणालीची २०२५ ची आवृत्ती ७ घडणींसाठी सिद्ध झाली. अशा कामी, अनेक कार्यक्रमांना उपयोगी पडणाऱ्या लायब्ररीत बदल होताच, ती प्रत्येक घडणीवर आपोआप बांधून तपासली जाते.

एखादे वेळी इंटेलवर चाचणी उत्तीर्ण होते. एआरएमवर मात्र ती संपतच नाही आणि नोंदवहीत केवळ ‘मुदत संपली’ एवढेच उमटते. अशा वेळी यंत्रास दोष देऊन ती चाचणी वगळण्याचा मोह होतो.

यामागील एक परिचित कारण पाहू. सी भाषेत फाइल संपल्याची खूण बहुधा उणे १ असते. ती एका अक्षराच्या जागेत साठविली, तर इंटेलच्या लिनक्सवर उणे १ च राहते. एआरएमच्या लिनक्सवर तिचे २५५ होतात. मग शेवट ओळखला जात नाही व वाचन अखंड चालते. कंपायलरला अक्षर चिन्हरहित मानण्याचा आदेश दिल्यास हाच दोष इंटेलवरही प्रकट होतो. पूर्णांकाची जागा योजिली की तो दूर होतो.

परंतु इंटेलवरही कार्यक्रम निर्दोष नव्हता. फाइलमध्ये २५५ हा अंक येताच तेथे वाचन मध्येच थांबे आणि उरलेली माहिती निमूटपणे गळे. एआरएमवरील चाचणी वगळली असती, तर ही हानी कोणाच्या ध्यानीही आली नसती. म्हणून अडलेल्या यंत्राची साक्ष प्रथम ऐकावी.