रात्री ते झोपणार कुठे?



कवीला रेडिओवर बोलावलं की तो कवितेवरच बोलणार, असा एक समज असतो. आज मी घरातल्या एका साध्या प्रश्नावर बोलणार आहे. घरातलं मूल म्हणतं, मला एक प्राणी पाळायचाय. घरात कुणाला दमा आहे, कुणाला भीती आहे, कुणाच्या मनात धर्माची शंका आहे. मग आणायचं काय? आमच्या घरी या प्रश्नावर तीन महिने खल चालला होता. एवढी चर्चा माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती.

मी आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचा. तालुक्याचा हा पूर्वेकडचा भाग, पावसाच्या भरवशावरचा. धामणीचा खंडोबा आमचा शेजारी. घर गावठाणाबाहेर, शेतात. घरात ऐंशी ओलांडलेली माझी अम्मी, आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नात. आमच्यात आजोबांना दादा म्हणतात. २०२४ च्या पावसाळ्यात ही सात वर्षांची नात माझ्याजवळ येऊन म्हणाली, "दादा, मला कुणीतरी पाहिजे." मी म्हटलं, "आम्ही एवढे आहोत की." ती म्हणाली, "तुम्ही सगळे मोठे आहात."

तिचं खरं होतं. आमच्या भागात दिवस कलला की मुलांना घरात बोलावून घेतात. कारण बिबट्या. जुनी माणसं त्याला वाघच म्हणतात. शाळेतून आल्यावर पोरीला खेळायला जेमतेम तासभर मिळायचा, आणि तोही ओट्यावर, कुणाच्या तरी नजरेसमोर. तिला सोबत हवी होती.

तिची पहिली मागणी कुत्र्याच्या पिलाची होती. सून ते ऐकूनच आत निघून गेली. लहानपणी तिला कुत्रा चावला होता. इंजेक्शनं घेतली, जखम भरली, भीती मात्र भरून आली नाही. आजही रस्त्यात कुत्रं दिसलं की ती पलीकडून जाते. आम्ही कधीमधी तिला हसायचो. आता वाटतं, हसायला नको होतं. भीती ही काही हट्टानं धरलेली गोष्ट नसते. ज्या घरात जनावर आणायचं, त्याच घरात तिला दिवसभर वावरायचं होतं. त्यामुळे तिचं मत सगळ्यांत वजनाचं होतं.

अम्मीची हरकत वेगळी होती. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर त्या कपड्यावर नमाज होत नाही, असं आमच्याकडे मानतात. म्हणून कुत्रा घरात घेत नाहीत. पण राखणीसाठी, शेतासाठी, कळपासाठी कुत्रा ठेवायला मनाई नाही. गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची गोष्ट कुराणात आहे, त्यांच्या दाराशी त्यांचा कुत्रा बसलेला आहे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजलं म्हणून एका पापी जिवाला माफी मिळाली, ही गोष्ट तर अम्मीनंच मला सांगितलेली. मी तिला तिचीच गोष्ट ऐकवली. ती म्हणाली, "पाणी पाज ना मग. कोण नको म्हणतंय? घरात नको, बाहेर ठेव." शेजारच्या गावात खंडोबासोबत कुत्रा पुजला जातो, आमच्या दाराशी तो राखणीला चालतो. म्हणजे धर्माच्या बाजूनं वाट निघाली होती.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेला माझा मुलगा बोलला, "बाहेर म्हणजे कुठे? रात्री ते झोपणार कुठे?"

आम्ही सगळे गप्प झालो. २००२ साली आमच्याकडे एक कुत्रा होता. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, दोघांचं जेवणसुद्धा एका वेळेला व्हायचं. कुत्रा रात्री गोठ्याच्या खांबाला बांधलेला असे. एका सकाळी खांबाला साखळी होती, साखळीला तुटका पट्टा होता, कुत्रा नव्हता. पोरगा आठ दिवस त्या खांबाकडे गेला नाही. बावीस वर्षांत त्यानं ही गोष्ट कधी काढली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा काढली.

आपल्याला वाटतं, कुत्रा राखण करतो. बिबट्याच्या मुलखात गणित उलटं असतं. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, डिंभ्याचं पाणी कालव्यांनी फिरलं, नद्यांच्या काठानं ऊस उभा राहिला. उसात आडोसा आहे, पाणी आहे आणि शेजारीच वस्तीवरचं भक्ष्य आहे. मादी तिथंच पिलांना जन्म देते. २००१ नंतर जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले वाढले. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आज सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. जुन्नरपलीकडच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास केला. त्याच्या आहारात पाळीव जनावरांचा वाटा ८७ टक्के निघाला. त्यात कुत्र्यांचा ३९ टक्के, आणि शेळ्यांचा फक्त ११ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही! कारण शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रा उघड्यावर असतो. तो बांधलेला असेल तर त्याला पळताही येत नाही. अंगणात साखळीनं बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला दिलेलं आमंत्रणच, आणि त्याच अंगणात आपलं मूल खेळतं. कुत्रा ठेवायचाच तर त्याला रात्री बंद खोली हवी. आमच्याकडे सून आणि अम्मी यांच्या मधोमध अशी खोली निघणं शक्य नव्हतं. कुत्र्याचा विषय तिथंच मिटला.

मग मांजर. मांजराला आमच्यात कसलीच हरकत नाही. ते घरात फिरणारं, आपल्यातलंच मानलं जातं. पण इथं अडचण खुद्द नातीची होती. तिला दमा आहे. थंडीत आणि मळणीच्या धुळीत तिला पंप लागतो. एकदा नातेवाइकांकडे दोन दिवस राहून आली, तिथं दोन मांजरं होती. परत येताना डोळे लाल आणि छातीत घरघर. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मांजर नको.

त्यांच्याकडून एक गोष्ट नवी कळली. मांजराच्या केसांची ॲलर्जी होते असं आपण समजतो. खरं कारण असतं मांजराच्या लाळेत आणि कातडीत तयार होणारं एक प्रथिन. मांजर स्वतःला चाटतं, लाळ अंगावर वाळते, तिचा बारीक भुगा हवेत तरंगतो आणि गाद्या-गोधड्यांना चिकटून बसतो. मांजर घरातून गेलं तरी तो कित्येक महिने राहतो. त्यामुळे 'केस न गळणारं मांजर आणा, काही होत नाही' या सल्ल्यात फारसा अर्थ नाही.

मी थोडं वाचलेलं होतं, ते ऐकवलं. युरोपातल्या खेड्यांत गाईगुरांच्या सहवासात वाढलेल्या मुलांमध्ये दमा कमी आढळतो म्हणतात. डॉक्टर हसले. म्हणाले, "काका, तो सहवास जन्मापासूनचा. दमा जडल्यावर मांजर आणून तो बरा होत नाही." बी.ए.पर्यंत शिकलेल्या माणसानं अर्धवट वाचून डॉक्टरांपुढे बोलू नये, हे मला त्या दिवशी पटलं.

एक पाहुणे म्हणाले, पोपट आणा, मी पिलू मिळवून देतो. दुसऱ्यानं चांदणी कासव सुचवलं, घरात बरकत येते म्हणून. दोन्हींना मी हात जोडले. आपल्याकडचा रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि चांदणी कासवही त्याच कायद्यात येतं. कायदा बाजूला ठेवला तरी, जी पोर संध्याकाळी स्वतः घरात कोंडली जाते तिच्या हाती आणखी एक कोंडलेला जीव देणं मला बरं वाटेना. मासे आणू म्हटलं, तर ती म्हणाली, "दादा, त्यांना हात कुठं लावता येतो?"

राहिली शेळी. सगळ्यांना पसंत. गोठा बंदिस्त होता. पण या वेळी अडलो तो मी.

मी नऊ वर्षांचा असताना अब्बांनी एक करडू आणलं होतं. मी त्याचं नाव हिऱ्या ठेवलं. त्याला बाभळीचा पाला मी घालायचो, पाणी मी दाखवायचो. शाळा सुटली की ते मला वाटेत आडवं यायचं. वर्षभरात त्याचा देखणा बोकड झाला. बकरी ईदच्या आदल्या रात्री मला कळलं, तो कशासाठी आणला होता ते. पहाटे त्याला घेऊन मी ज्वारीच्या रानात लपलो. हिऱ्या ओरडला आणि आम्ही सापडलो. अब्बा माझ्यावर रागावले नाहीत. जवळ घेऊन म्हणाले, "बेटा, जे जिवाभावाचं असतं तेच द्यायचं असतं." त्या बोलण्याचा अर्थ आज मला कळतो आणि पटतोही. कुर्बानीबद्दल माझी तक्रार नाही. सल राहिला तो एकाच गोष्टीचा. करडू आणलं त्या दिवशी मला कुणी खरं सांगितलं नव्हतं.

म्हणून मी घरात म्हटलं, शेळी आणायची तर ती कशासाठी, हे पोरीला आधी सांगा. दुधासाठी, विकण्यासाठी, की ईदसाठी? कुणाजवळच ठाम उत्तर नव्हतं. तेव्हा शेळीही राहिली.

शेवटी तोडगा सुनेनं काढला. "कोंबडी आणू. मला तिची भीती वाटत नाही. ती घराबाहेर राहील, म्हणजे हिच्या छातीलाही त्रास नाही." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चालेल, पण खुराडं मुलीनं झाडायचं नाही, धूळ आणि पिसं नाकात जाऊ द्यायची नाहीत, हात लावला की साबणानं धुवायचे, आणि त्रास दिसला तर कोंबडी परत.

त्या दिवाळीनंतर शेजारच्या वस्तीवरून एक गावरान तलंग आणली. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणून नाव चांदणी. आणण्याआधी मी नातीला समोर बसवलं. म्हटलं, "कोंबडी फार वर्षं जगत नाही. मुंगूस नेईल, मानमोडी येईल, आजारी पडेल. हे सगळं होऊ शकतं. पण आपण तिला कापणार नाही. हा माझा शब्द." तिनं विचारलं, "पाहुणे आले तरी?" मी म्हटलं, "पाहुणे आले तरी."

खुराडं विटांचं बांधलं, दाराला जाळी आणि कडी. झाडायचं काम माझं, तोंडाला रुमाल बांधून. मानमोडीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून करून घेतली. नातीकडे दोन कामं दिली. सकाळी दाणे टाकायचे आणि दिवस मावळायच्या आत मोजून खुराडं लावायचं. मोजायला एकच कोंबडी, तरी ती रोज "एक" असं मोठ्यानं म्हणते. पुढच्या उन्हाळ्यात चांदणी खुडूक बसली. एकवीस दिवस पोरीनं कॅलेंडरवर फुल्या मारल्या. सात अंड्यांतून पाच पिलं निघाली, तेव्हा मोजणी सहावर गेली. दोन पिलं घारीनं नेली. ती रडली, जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी "चार" म्हणून तिनं कडी लावली.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे जीव गेले, त्यांत लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले. ते दिवस आठवले की आजही घास उतरत नाही. आमच्याकडे खुराडं लावायची वेळ आणखी अलीकडे आली, आणि नातीसोबत कुणीतरी काठी-बॅटरी घेऊन उभं राहू लागलं. बहुतेक वेळा तिची आई. त्या दोघी मायलेकी कडी लावून परत येताना काहीतरी बोलत येतात. ते मला ऐकू येत नाही, पण पूर्वी त्या वेळेला घरात फक्त टीव्ही बोलायचा.

श्रोतेहो, तुमच्या घरातलं मूल प्राणी मागेल तेव्हा आधी त्या प्राण्याचे फोटो पाहू नका. घरातली माणसं पाहा. श्वास कुणाचा अडतो, ते डॉक्टरांना विचारा. भीती कुणाला वाटते, ते त्याच माणसाच्या तोंडून ऐका आणि हसू नका. रात्री ते जनावर कुठं झोपेल, हे ठरवा. आणि त्याचं शेवटी काय होणार, हे मुलाला पहिल्या दिवशी सांगा. या चारही प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत तर 'सध्या नको' म्हणा. मूल रुसेल, पण रुसवा जातो. फसवणूक आयुष्यभर लक्षात राहते, हे मी स्वतःवरून सांगतो.

मध्यंतरी एका संध्याकाळी अचानक पाहुणे आले. त्यांतले एक वडीलधारे ओट्यावर बसले होते. दारातली चांदणी बघून म्हणाले, "आता हिचं अंडं काय मिळणार? गावरान आहे, रस्सा झकास होईल." कुणी काही बोललं नाही. नातीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो, पिशवी घेतली आणि मंचरला मटण आणायला गेलो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)