चित्राचा परवाना, आवाजाचे केंद्र



आपल्या पळस्प्याच्या फाट्यावर मुंबईहून येणारा रस्ता दुभंगतो. एक पुण्याकडे जातो, दुसरा गोव्याकडे. जुन्या पद्धतीच्या दूरचित्रवाणीचेही असेच होते. एकाच वाहिनीच्या पट्ट्यात दोन लहरी असत. एकीवर चित्र, दुसरीवर आवाज. आवाजाची लहर एफएम नभोवाणीच्याच जातीची. ती रेडिओवर ऐकू येत नसे, याचे कारण इतकेच की काटा तिथवर पोचत नसे.

अमेरिकेत मात्र तो पोचला. तिथल्या सहाव्या वाहिनीचा आवाज ८७.७५ मेगाहर्ट्‌झवर आणि एफएमचा पट्टा ८८ पासून. काटा डावीकडे टोकाला नेला की शेजारच्या घरातले बोलणे ऐकू यावे तशी दूरचित्रवाणी ऐकू येई. तिथे १९८२ सालापासून अल्पशक्तीच्या दूरचित्रवाणी केंद्रांना परवाने मिळत होते. मोठ्या शहरात एफएमला जागा उरलेली नव्हती; तेव्हा काही चतुर मंडळींनी सहावी वाहिनी घेतली आणि सरळ गाणी सुरू केली. न्यूयॉर्कमध्ये २००८ साली असे एक केंद्र नृत्यसंगीत वाजवू लागले. शिकागोत २०१५ पासून दुसऱ्याने जुनी गाणी धरली. पडद्यावर काहीतरी दाखवावेच लागे, कारण परवाना चित्राचा! पाटी सराफाची आणि विक्री गूळ-खोबऱ्याची, असा हा प्रकार.

१३ जुलै २०२१ रोजी अल्पशक्तीच्या केंद्रांची जुनी पद्धत तिथे कायद्याने संपली. नव्या अंकीय पद्धतीतला आवाज साध्या रेडिओला उमगत नाही. तेव्हा या मंडळींनी नव्या चित्राच्या कडेला जुनी आवाजाची लहर चालू ठेवण्याची खास परवानगी मिळवली, आणि २०२३ साली तिथल्या नियामक आयोगाने अशा चौदा केंद्रांना ती कायम दिली. एक अट अशी, की चित्रही दाखवले पाहिजे. कायद्याच्या पंडितांना हे रुचणार नाही. आम्हांला मात्र ते शहाणपणाचे वाटते. ऐकणारी माणसे खरी होती.

आपल्याकडे ही पळवाट निघालीच नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी चौथ्या वाहिनीवर सुरू झाले. त्याचा आवाज एफएमच्या पट्ट्यापासून पुष्कळ खाली. पुढे १९८४ च्या सुमारास गावोगाव शंभर वॅटची लघुशक्ती प्रक्षेपके उभी राहिली, पण ती सारी सरकारची. जमिनीवरून चित्र क्षेपण्याचा परवाना खासगी संस्थेला मिळालाच नाही, मग त्याच्या आडून आवाज कोण काढणार? २८ एप्रिल २०२३ रोजी आकाशवाणीची शंभर वॅटची एक्क्याण्णव एफएम प्रक्षेपके देशभर एकदम सुरू झाली. यंत्रे लहान आणि जवळची. बोलणे मात्र बहुधा दूरच्या केंद्राचे.

लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले. २००६ पासून गावातील संस्थेलाही सामुदायिक नभोवाणी काढता येते. पण बातम्यांच्या बाबतीत हात बांधलेले! उद्या पळस्प्यात असे केंद्र निघाले, तर फाट्यावर वाहने तुंबली आहेत एवढे त्याला सांगता येईल. रस्त्यासाठी कोणाची जमीन गेली आणि तो माणूस काय म्हणतो, ही बातमी स्वतः जाऊन आणून देता येणार नाही.