समोर बसलेला कोण?



बुद्धिबळाच्या पटाशी बसताना समोरचा माणूस खरोखरच समोरचा आहे, हे आपण धरूनच चालतो. त्याला जिंकायचं असतं आणि त्याची भीती त्याची स्वतःची असते. आज ज्या खेळांबद्दल बोलायचं आहे, त्यांत नेमकी हीच गोष्ट नसते. प्रशियाच्या रायस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन युद्धखेळाचे नियम बसवले. निळे आपले, तांबडे शत्रूचे. पण तांबडे ठोकळे हलवणारा हातही आपल्याच सैन्यातला! शीतयुद्धात अमेरिकेने हा खेळ अण्वस्त्रांपर्यंत नेला, आणि १९८३ या एकाच वर्षात त्याची ताकदही दिसली आणि त्याचं आंधळेपणही.

त्या जूनमध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल वॉर कॉलेजमध्ये 'प्राउड प्रॉफेट' नावाचा युद्धखेळ झाला. त्याच्या आखणीत थॉमस शेलिंग हे अर्थशास्त्रज्ञ होते. एरवी असे खेळ खालच्या अधिकाऱ्यांवर सोपवले जात. या वेळी संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर आणि जनरल जॉन व्हेसी गुप्तपणे स्वतः निर्णय देत होते, आणि पटावर ठेवलेले युद्धाचे आराखडेही खरेच होते. थोडे अणुबॉम्ब टाकले की मॉस्को भानावर येईल, हा त्या काळचा लाडका सिद्धांत होता. पटावर मॉस्को भानावर आलं नाही. त्याने उलटा मारा केला, त्याला उत्तर दिलं गेलं, आणि मग थांबायला जागाच उरली नाही. त्या खेळात सहभागी झालेले अभ्यासक पॉल ब्रॅकन यांनी पुढे लिहिलं, की ५० कोटी माणसं तिथल्या तिथे मेली आणि किमान तेवढीच नंतर किरणोत्सर्गाने आणि उपासमारीने मेली असती. मर्यादित अणुयुद्धाच्या गोष्टी त्यानंतर थंडावल्या, असं ते म्हणतात. ज्यांच्या हाती खरे निर्णय होते त्यांनीच ते आकडे पाहिले, हे मला फार मोलाचं वाटतं. १९६४ च्या 'सिग्मा' खेळांनीही सांगितलं होतं, की बॉम्बफेकीने उत्तर व्हिएतनाम वाकणार नाही. तेव्हा कोणी ऐकलं नाही.

आता पटाच्या पलीकडे जाऊ. अमेरिका अचानक अणुहल्ला करील या भीतीने सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबीने १९८१ पासून 'रायान' नावाची मोहीम चालवली होती. लंडनमधल्या हेरांना कामं नेमून दिलेली होती: रात्री सरकारी कचेऱ्यांत दिवे किती वेळ जळतात ते पाहा, रक्तदात्यांना मिळणारा भाव वाढतो का ते कळवा. ब्रिटनमध्ये रक्तदानाचे पैसे मिळतच नाहीत, हे मॉस्कोतल्या वरिष्ठांना ठाऊक नव्हतं! हे वाचून हसू येतं, पण मला त्यात एक घाबरलेला माणूस दिसतो. शत्रूच्या घरातली साधी रीतसुद्धा ज्याला माहीत नाही आणि तरी जो अंधारात त्याच्या खिडक्या मोजत बसला आहे, असा.

अशा वातावरणात, सप्टेंबरमध्ये सोव्हिएत विमानाने कोरियन प्रवासी विमान पाडून २६९ जणांचा जीव घेतल्यावर दोनच महिन्यांनी, ७ नोव्हेंबरला नाटोचा 'एबल आर्चर' सराव सुरू झाला. सैन्य हलायचं नव्हतं. मुख्यालयांनी अण्वस्त्रं वापरण्याची परवानगी मागायची आणि द्यायची, एवढाच कागदावरचा सराव. दरवर्षी होणारा. पण खरा हल्ला सरावाच्या आडूनच होतो, अशी सोव्हिएत सेनापतींची पक्की समजूत होती. पूर्व जर्मनी आणि पोलंडमधल्या काही हवाई तुकड्या सज्ज झाल्या. प्रकरण किती टोकाला गेलं होतं, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पण समोरचा घाबरेल, ही शक्यता सराव आखणाऱ्यांच्या कागदात नव्हती, एवढं मला स्पष्ट दिसतं.

जर्मनीतल्या अमेरिकी हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख लेनर्ड पेरूट्स यांच्यापुढे त्या हालचालींची बातमी आली. आपणही सज्जता वाढवावी का, असा प्रश्न होता. त्यांनी ती वाढवू नये असा सल्ला दिला. समोरची भीती केवढी आहे याची पूर्ण कल्पना त्यांनाही नव्हती. ती कल्पना पाश्चात्त्यांना आली ती पुढे, लंडनमधल्या केजीबीच्या कचेरीत बसून ब्रिटिशांसाठी काम करणाऱ्या ओलेग गोर्डिएव्हस्कीकडून. म्हणजे तांबड्या बाजूचं मन सांगायला अखेर तांबड्या बाजूचाच माणूस लागला.

सरावाला हल्ला समजण्याची अशी चूक टळावी म्हणून १९८६ मध्ये स्टॉकहोमला ३५ देशांनी ठरवलं, की मोठ्या सरावाची सूचना ४२ दिवस आधी द्यायची आणि ठरावीक आकाराच्या वरच्या सरावांना परक्या निरीक्षकांना बोलवायचं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकी अधिकारी मिन्स्कजवळ सोव्हिएत सैन्याचा सराव तपासायला गेले. नियम सैनिकांच्या संख्येवर बेतलेला होता. 'एबल आर्चर'सारखा, चार भिंतींआड कागदावर चालणारा सराव त्याच्या कक्षेत येत नव्हता.